लेकीच्या घरचे दोन महिने

कळंब्याच्या पुढे ऊसतोड सुरू झाली की गुरुसिद्धअप्पांना कॅलेंडर बघावे लागत नसे, छातीच सांगे. फड मोकळा झाला की पाचट पेटे, धूर खाली बसे आणि दोरीवरच्या धोतरावर काळी राख उतरे. तेव्हा अप्पा दोन महिने चंदगडला, लेकीकडे, पवित्राकडे जात. दम्याच्या माणसाला तिथली थंडीतली हवा मानवे.

यंदा मात्र ते गेले नाहीत. गेल्या वर्षी पवित्राच्या सासरी कट्ट्यावर कुणीतरी विचारलेले त्यांनी आतून ऐकले होते, "सुनंचा बाप हितंच हाय व्हय अजून?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण लेकीच्या घरचे पाणीसुद्धा न पिणाऱ्या बापाचे अप्पा हे पोर. त्यांना घास उतरेना. यंदा त्यांनी खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली आणि उशांना टेकून दिवस काढले. पवित्राचा फोन आला की त्यांच्या बायकोने, अक्काताईंनी, 'बरं आहे' म्हणायचे. अक्काताई त्या खोट्यालाही थकल्या होत्या.

दीड महिन्याने व्याही स्वतःच एसटीने आले. चहा झाल्यावर म्हणाले, "बॅग भरा, पावणं."

थंडी सरतच आली, उगाच कशाला तुम्हाला त्रास, असे काहीतरी अप्पा बोलू लागले. निम्म्यातच धाप लागली.

"मी तुमच्यासाठी आलोच न्हाय," व्याही म्हणाले. "आमच्या हिच्यासाठी आलोय."

मग त्यांनी सांगितले. पावसाळ्यात चंदगडला भिंतींना बुरशी धरते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, आणि दोन वर्षे झाली, विहीणबाईंनाही दमाच जडला आहे. चार महिने त्यातल्या त्यात कोरड्या जागी ठेवा, असे डॉक्टर म्हणतात. अप्पा तिथे असत ते थंडीत. तेव्हा त्या धडधाकट वावरत, म्हणून अप्पांना पत्ताच नव्हता. विहीणबाईंना पावसाळ्यात इथे पाठवायचे व्याह्यांच्या मनात होते. पण सुनेच्या माहेरी जाऊन राहायचे म्हणजे काय?

"म्हणती, ते पावणं लाजून आलं न्हाईत, आन मी कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही आला तरच ती जूनमधी हलंल. न्हायतर ह्या पावसाळ्यात तिचं काय खरं न्हाय बघा."

व्याह्यांसमोर अप्पांनी आजवर कधी दम्याचा पंप ओढला नव्हता, आडोशाला जात. आता बसल्या जागी खिशातून काढून ओढला, दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरला आणि सोडला.

"विहीणबाईंना सांगा," ते म्हणाले, आणि थांबले. "मृगाची वाट बघू नका म्हणावं." पुन्हा थांबले. "ढग आले की निघा."

एवढ्यानेच ते दमले. डोळे मिटून भिंतीला टेकले. बॅग अक्काताईंनी भरली.