चुन्याच्या बादलीपुरती जागा

मी एक जुनी होडी आहे. इतकी जुनी, की आता पाणी माझ्या बाहेर कमी आणि आत जास्त असतं.

लुईझियाना राज्याच्या दक्षिण टोकाला, जमीन कुठे संपली हे जिथे जमिनीलाही कळत नाही, त्या दलदलीत आल्से म्हाताऱ्यानं मला सायप्रस झाडाच्या फळ्यांतून घडवलं. तळ सपाट, अंग अरुंद. "ही पोरगी दवावरसुद्धा तरंगेल!" असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. दवावर मी कधी तरंगले नाही, पण बापाचं मन कशाला मोडा, म्हणून गप्प राहिले.

मित्रांनो, न्यूट्रिया तुम्ही पाहिला नसेल. मांजराहून मोठा उंदीर समजा, दात गाजरासारखे नारिंगी. केसाळ कातड्याच्या कोटांसाठी कुणीतरी तो दूरदेशाहून आणला. कोटांची हौस फिटली, उंदीर राहिले. ते गवत मुळापासून खातात. मुळं गेली की चिखल सुटतो, भरती तो ओढून नेते, आणि काल जिथे गवत होतं तिथे आज नुसतं पाणी चमकतं.

आल्से गेला, त्याच्यामागून त्याची बायकोही गेली. दलदलीतल्या ओकच्या झाडांच्या उंचवट्यावर दोघांची थडगी शेजारी-शेजारी आहेत. माझ्या नशिबी मात्र खुराड्यामागे पालथं पडणं आलं. कोंबड्या माझ्या पाठीवर बसत. नुसत्या बसल्या असत्या तरी चाललं असतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, आमच्याकडे थडग्यांना चुना लावतात. त्या वर्षी आल्सेचा मुलगा क्लोविस बहिणीला, एल्मीरला, आपल्या पत्र्याच्या इंजिनवाल्या बोटीतून घेऊन गेला. परतल्यावर दोघं खुराड्यापाशी भांडली, म्हणून मला सारं कळलं.

"बोट थेट बाबांच्या डोक्याशी जाऊन लागली, एल्मी. पूर्वी गवतातून वाट काढताना दुपार व्हायची. आता गवतच नाही. एक वादळ आलं की आई-बाबा दोघं समुद्रात. त्यांना शहरातल्या दफनभूमीत हलवू या."

"तिथे डास नाहीत. बाबांना झोप कशी लागेल?"

"थट्टा पुरे."

एल्मीर म्हणाली, "मला एक हिवाळा दे. उंदीर मारते, गवत परत येईल."

"दिला. पुढच्या सणाला गवत दिसलं नाही, तर मी त्यांना हलवायला पेट्या घेऊन येणार."

दुसऱ्या दिवशी तिनं मला सुलटं केलं आणि कोंबड्यांचा प्रसाद खरवडला. इंजिन ऐकून उंदीर बुडी मारतात. मी आवाज करत नाही, तेवढाच माझा गुण. तो सारा हिवाळा ती काठीनं मला रेटत राहिली. गुडघे माझ्या तळाशी टेकलेले, बंदूक मांडीवर, बोटं गारठलेली. कधी पिल्लांना पाठीशी घेऊन एखादी मादी पोहत येई. एल्मीर नेम धरायची, सुस्कारा टाकायची, आणि मग बार व्हायचा. त्या बिचाऱ्यांनी तरी कुठे इथे आणा म्हटलं होतं? माझ्या फळ्यांतला रक्ताचा वास पावसानंही जाईना. मी थकले, तीही थकली. दोघींच्या कण्यातून एकच आवाज येई.

मारलेल्या उंदरामागे सरकार पैसे देई, त्यासाठी शेपट्या पोचवायच्या. मांस ती घरी शिजवायची.

"मी उंदीर खाणार नाही," क्लोविस म्हणायचा.

"ससा आहे रे."

"मग वाढ." दुसऱ्यांदा ताट पुढे करताना तो हळूच विचारायचा, "एल्मी, या सशाला नारिंगी दात होते का गं?"

उन्हाळा गेला आणि सण आला. एल्मीर चुन्याची बादली घेऊन माझ्यातून पुढे निघाली. क्लोविस मागून आला. त्याच्या बोटीत दोन नव्या लाकडी पेट्या होत्या. उंचवटा अजून लांब होता. तेवढ्यात त्याचं इंजिन खोकलं, गुरगुरलं, बंद पडलं.

"काय वैताग आहे! पंख्यात गवत अडकलंय!" तो ओरडला. ओंजळभर उपसलं, तर आणखी वर आलं. "इकडे गवत, तिकडे गवत, नुसतं गव..."

तो थांबला. हातातल्या हिरव्या जुडीकडे बघत राहिला.

एल्मीर इतकी हसली, की मी डुलायला लागले. मग ती रडली, तेव्हाही मी डुलले. मला फरक कळला नाही.

मला वळवून ती त्याच्याजवळ आली. "चल, बस."

"आणि पेट्या?"

"हिच्यात तू, मी आणि चुन्याची बादली. बाकी जागा नाही."

क्लोविसनं क्षणभर पेट्यांकडे पाहिलं. मग बादली मांडीवर घेऊन तो माझ्यात बसला. गवतातून वाट काढता काढता दुपार झाली.

मित्रांनो, लांबून आणलेला जीव हौस फिटली म्हणून वाऱ्यावर सोडू नका; त्याचेही हाल, जमिनीचेही. आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या दारी पालथी पडली असेल, तर तिच्या बुडाला वर्षातून एकदा डांबर लावा.

खरं सांगू? मला आता पडून राहायचं होतं. पण परतताना क्लोविसचे मोजे माझ्यातल्या पाण्यानं भिजले, आणि तो बहिणीला म्हणाला, "हिला गळती लागलीय. उद्या डांबर घेऊन येतो. पुढच्या वर्षी हिच्याशिवाय जाता येणार नाही."

म्हणजे अजून विश्रांती नाही. बरं झालं.