स्पंजखालचं घर

मित्रांनो, मी एका नव्या शहराचा जुना नमुना आहे. पुठ्ठ्याचा, टेबलाएवढा. आता अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली पडलोय, आणि खरं सांगू? मला माझीच किळस येते.

मला एका कारागिरानं घडवलं. त्याला सगळे मामा म्हणत. चिमट्यानं एकेक खिडकी चिकटवताना मामा श्वास रोखून धरत. हुशार, तरुण संगणक अभियंत्यांनी राहायला यावं म्हणून माझ्यात काचेची ऑफिसं होती, सायकलींचे रस्ते होते. मामांनी हौसेनं एका बाकावर म्हातारी बसवली. नगररचना कार्यालयातले साहेब खेकसले, "ही कशाला? तरुणांचं शहर आहे हे!" म्हातारी गेली, पाठोपाठ बाकही गेला. शी!

याहून घाण पुढेच झाली. नदीकाठी चाळीस घरांची वस्ती होती. मामांची बहीण तिथेच राहायची. मोजणीवाला गेला होता, पण कुत्रं भुंकलं म्हणून गाडीतून उतरलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या मेल्यानं! नकाशात ती जागा पांढरी राहिली, आणि त्या कार्यालयात पांढरं म्हणजे मोकळं.

"साहेब, तिथे माझी बहीण राहते हो," मामा कळवळून म्हणाले.

"नकाशात आहे का? नाही ना? मग बाग लाव."

मामांनी तिथे हिरवा स्पंज चिकटवला. पण त्याआधी खाली नखाएवढं लाल छपराचं एक घर बसवलं, गुपचूप.

माझं कौतुक काय विचारता! फीत कापली, फोटो निघाले. निवडक तरुण अभियंत्यांना बोलावलं होतं, त्यांत मामांची भाचीही होती. साहेबांनी लाडानं विचारलं, "काय मग, येणार ना आमच्या शहरात राहायला?"

मामांनी तिला गुपित सांगून ठेवलं होतं. तिनं बोटानं स्पंज उचकटला.

"हे बघा आमचं घर. मी इथेच राहते, साहेब. मला हाकलून मलाच आमंत्रण देताय होय?"

सगळे वाकून ते लाल छप्पर बघू लागले. साहेब तेवढे हसले. "विनोदी आहे हं पोरगी!"

महिन्याभरात वस्ती पाडली. भाची आईला घेऊन दूरच्या शहरात गेली, ती गेलीच. बाग काही झाली नाही, नुसती पाटी लागली, 'तरुणांचे स्वागत आहे'. पाटीखाली तेच कुत्रं झोपतं, असं झाडूवाल्या मावशी सांगतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला त्याचं काही नाही. पण उद्या तुम्ही शहरं आखाल, तेव्हा कुत्रं भुंकलं तरी गाडीतून उतरा. ते भुंकतंय म्हणजे तिथे कोणाचं तरी दार आहे.