बाण आणि रेघ

आमच्या बेटावर गाडीची चावी गाडीतच असते. चोरणार कोण, आणि चोरून नेणार कुठे? रस्ता संपला की समुद्र. लग्न होऊन मी इथे आले त्या आठवड्यात सवयीनं चावी पर्समध्ये टाकली, तर दुकानवाल्या बाईनं कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला. आमच्यावर विश्वास नाही का, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून मी कधी चावी काढली नाही. त्या गुरुवारी मात्र काढली.

अल्विन, माझा नवरा, बेटावरचा एकुलता एक मेकॅनिक. आता निवृत्त झालाय, म्हणजे काम करतोच, फक्त पैसे घेत नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या डोक्यात धुकं उतरायला लागलंय. चहा करायला जातो आणि किटली हातात घेऊन खिडकीशी उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, पक्षी आले का बघतोय. समुद्रपक्षी वसंतात येतात हे त्याला पक्कं ठाऊक आहे. वसंत कधी असतो तेवढं विसरतो.

आमची लेक रोवीना टास्मानियात असते. तिनं तिकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, खिडकीतून नदी दिसते म्हणे. तिनं फोनवर विषय काढला तेव्हा अल्विन हसला होता. ''ज्या दिवशी मला माझ्या गाडीचा पट्टा बसवता येणार नाही, त्या दिवशी खुशाल नेऊन टाका तिथं,'' म्हणाला. बोलून गेला खरा, पण लेक बापाच्याच वळणावर गेलेली. तिनं तो शब्द धरून ठेवला. आमच्या जुन्या स्टेशन वॅगनचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातला तोच पट्टा, नेमका बदलायला आला होता. बुधवारच्या बोटीनं नवा पट्टा, पाण्याचा पंप आणि बेअरिंगं आली. शुक्रवारच्या विमानानं रोवीना येणार होती.

गुरुवारी सकाळपासून शेडबाहेर धुकं होतं. मेंढ्या दिसत नव्हत्या, त्यांचं बें-बें तेवढं ऐकू यायचं. अल्विननं रेडिएटर काढून बाजूला ठेवला, पट्ट्यावरची झाकणं सोडवली, जुना पट्टा उतरवला आणि नवा पंप बसवला. मी नेहमीसारखी उलट्या बादलीवर बसून हत्यारं देत होते. पट्टा ताणून धरणारा दट्ट्या शिकंज्यात दाबायचा असतो, तोही अगदी सावकाश. घाई केली की तो बिघडतो. अल्विन तो दाबत राहिला, दाबत राहिला, आणि मला वाटलं आम्ही दोघं या शेडमध्ये जन्मापासून असेच आहोत, बाहेर बेट नाही, लेक नाही, शुक्रवार नाही. माझा डोळा लागला असावा. स्वप्नात बेटावरच्या सगळ्या जुन्या गाड्या धुक्यातून मेंढ्यांसारख्या हळूहळू घरी येत होत्या, आणि अल्विन दारात उभा राहून एकेकीला नावानं हाक मारत होता.

जागी झाले तेव्हा नवा पट्टा चढला होता. मी वाकून खुणा बघितल्या.

पट्टा ज्यावरून फिरतो त्या खालच्या दातेरी चाकावर दोन खुणा असतात. समोर ठसठशीत बाण, आणि मागच्या कडेला नखाएवढी रेघ. पट्टा लावायचा तो रेघेवर. बाण दुसऱ्याच कामाचा. नवशिके हमखास बाणावर लावतात, मग वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन भंगारात जातं. अल्विन जन्मभर त्यांची टर उडवत आला. ''बाण दिसला की निघाले तिकडं, मेंढरं लेकाची.'' आणि आज त्यानंच पट्टा बाणावर लावला होता.

मी बोलले नाही. बोलले असते तर पट्टा त्यानं बसवला असं राहिलं नसतं. शिवाय चावी फिरवण्याआधी तो इंजिन पाना लावून हातानं दोन फेरे फिरवून बघायचा, एकदाही चुकायचा नाही. चूक असली तर हाताला कळते आणि काही मोडत नाही. त्या दोन फेऱ्यांवर मी भिस्त ठेवली.

अल्विननं हात पुसले, आणि पाना भिंतीवर टांगून टाकला.

''झाकणं मागनं लावू,'' तो म्हणाला. ''आधी आवाज ऐकू या.''

तो गाडीला वळसा घालेपर्यंत मी दुसऱ्या दारातून हात घालून चावी काढली. अल्विन सीटवर बसला, हात सवयीनं चावीकडे गेला आणि तिथेच थांबला.

''चावी कुठाय?''

''माझ्या खिशात.''

''का गं?''

''आधी दोन फेरे.''

तो माझ्याकडे बघत राहिला. मला भीती वाटली की तो ओरडेल, आणि त्याहून जास्त भीती वाटली की फेरे म्हणजे काय असं विचारेल. मग तो उतरला. पाना काढला, खाली लावला, फिरवू लागला. एक फेरासुद्धा पुरा झाला नाही. हात थांबला. त्यानं जोर केला नाही. बोनेटच्या कडेवर कपाळ टेकलं.

''बाणावर लावलाय मी,'' म्हणाला. मग मान वर करून, ''तू बघितलं होतंस.''

''हो.''

''मग बोलली का नाहीस?''

''तू शब्द देऊन बसलायस ना लेकीला, शहाण्या.''

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. त्यानं पुन्हा पट्टा उतरवला, दट्ट्या पुन्हा तसाच सावकाश दाबला. या वेळी मला जवळ बोलावलं. ''माझं डोकं पळतं कुठंतरी. तू सांग, रेघ कुठाय?'' मी बॅटरीचा झोत धरला आणि सांगत गेले. थोडं अजून. थोडं. थांब. मग दोन फेरे, हलके, कुठेही न अडता.

इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. आम्ही ते क्षणभर ऐकलं. मग अल्विननं ते बंद केलं, चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

''ही तुझ्याकडंच राहू दे आता.''

झाकणं आणि रेडिएटर आम्ही दोघांनी संध्याकाळपर्यंत लावले.

शुक्रवारी धावपट्टीवर लेकीला आणायला निघालो. रात्रभर चावी माझ्या उशाशी होती. मी ती गाडीत होती तिथे परत लावली. अल्विननं बघितलं. तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि माझ्या शेजारी बसला. रोवीनाला काय सांगायचं, मी विचारलं.

''पट्टा आपण बसवला म्हणून सांग. खोटं नको.''

वळणावर धुक्यातून शेजारच्या क्लेमची गाडी आली. इथे समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. मी उचललं. शेजारी अल्विननंही उचललं, गुडघ्यावरचं.