मागच्या दाराचा खटका

बाबांनी सगळा जन्म बस चालवली आणि तिला कधी साधा ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरची गाडी थोरल्या लेकीच्या हातात दिली, तीही सहजासहजी नाही. आधी आरसा, मग मान वळवून मागे बघणं, मग दाराला हात, हे त्यांनी तिच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा घरातलं कपाटसुद्धा मागे बघूनच उघडत असतील.

तेच बाबा आता गाडीत बसले की विचारायचे, "आपण कुठल्या डेपोला चाललोय?" थोरली म्हणायची, "डॉक्टरांच्या." त्यांना ते पटायचं. डॉक्टरांचाही कुठेतरी डेपो असणारच.

थोरली औषधांच्या दुकानात कामाला होती. पाकिटावरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय गोळी कोणाच्या हातात द्यायची नाही. घरातही तसंच. बाबांना विसरायला होऊ लागल्यापासून तिने गॅसची बटणं काढून ठेवली होती, बाहेरच्या दाराला उंचावर कडी बसवली होती. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा आणि फोनवरून सल्ले द्यायचा. सल्ल्यांना कधी तोटा पडला नाही. त्यातला एक मात्र बरा निघाला. "ताई, मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावून टाक. एखाद दिवशी चालत्या गाडीतून उतरतील." दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली ओढला की दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. तिने तो खाली ओढला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग एकदा ती बाबांना गाडीत बसवून चष्म्याच्या दुकानात गेली. आत गर्दी होती. परत आली तेव्हा बाबा मांडीवर वर्तमानपत्र पसरून ताठ बसले होते. वर्तमानपत्र ओलं झालं होतं. काचेवर आतून त्यांच्या हातांचे ठसे होते, वरपासून खालपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं असणार, एखादा थांबलाही असेल.  घरी पोचल्यावर ते जिन्याशी थांबले.

"मला कोंडायचं असेल तर घरात कोंड," ते म्हणाले. "रस्त्यावर नको."

त्या संध्याकाळी थोरलीने सीट धुतली आणि खटका वर केला. रडत केला, पण समजून उमजून केला. बाबांना तो प्रसंग दुसऱ्या दिवशी आठवतही नव्हता. तिला आठवत होता, म्हणून खटका वरच राहिला.

पुढे काही आठवड्यांनी तिने डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला गाडी लावली. "बसा हं बाबा, मी येते उघडायला," असं म्हणून ती पर्समध्ये तपासण्यांचे कागद शोधू लागली. बाबा तिच्या मागे, रस्त्याच्या बाजूला बसले होते. तिथून रस्ता नीट दिसतो म्हणून त्यांना तीच जागा लागायची. मागचं दार उघडल्याचा आवाज तिने ऐकला आणि लगेच दुसरा आवाज. तो कसा होता हे तिने नंतर कोणालाही सांगितलं नाही.

सायकलवर एक तरुण मुलगी होती. सलूनमध्ये केस कापायची, कामावरच निघाली होती. ती दारावर आदळून भर रस्त्यात पडली. मागच्या टेम्पोवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली, पण उजव्या मनगटाचा चुरा झाला. बाबा उतरून तिच्याशेजारी डांबरावर बसले होते आणि टोपीने तिला वारा घालत होते. पोलीस आला तेव्हाही ते तिथून हलले नाहीत.

"दार कोणी उघडलं?" त्याने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "मागे न बघता उघडलं. चूक माझी आहे. लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी थोरलीला विचारलं, "अगं, आपल्या गाडीच्या दाराला काय झालं?"

प्रकरण कोर्टात उभं राहिलं. दार उघडणाऱ्याने मागे बघून उघडायचं, नाही बघितलं तर दोष त्याचा, इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण उघडणाऱ्याचं डोकंच ठिकाणावर नसेल तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं? विमा कंपनीने त्यासाठी एक वकील दिला होता. माणूस गोड बोलणारा. त्याने थोरलीला पाणी दिलं, बाबांची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आला.

"गाडीला चाइल्ड लॉक आहे?"

"आहे."

"त्या दिवशी लावलेलं होतं?"

"नाही. आधी होतं. मी काढलं."

वकिलाने पेनाला टोपण लावलं. "हे मी ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "आजार तुम्हाला माहीत, लॉक माहीत, आणि तरी तुम्ही ते स्वतःच्या हाताने काढलंत. हे बाहेर आलं तर निष्काळजीपणा वडिलांचा नाही राहत, तुमचा होतो. गुन्हासुद्धा दाखल होईल. वडिलांना घरी कोण बघतं?"

"मीच."

"मग आठवत नाही म्हणा. लॉक होतं की नव्हतं, आठवत नाही. त्यावर कोणी काही करू शकत नाही."

धाकट्याचंही तेच. "ताई, मूग गिळून बस. तुला काही झालं तर बाबांना कोण बघणार?" मग घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे, मी किती लांब असतो ते तुला माहितेय." तिला माहीत होतं. विसरू देत नव्हता तो.

कोर्टात सलूनमधल्या मुलीच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. थोरली उभी राहिली. समोर ती मुलगी बसली होती, उजवा हात मांडीवर, बोटं अर्धवट मिटलेली. खरं सांगायचं तर याच वेळी सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तिला उंचावरची कडी दिसली, गॅसची बटणं दिसली, आणि एखाद्या संस्थेच्या खोलीत आतून दार वाजवणारे बाबा दिसले.

"आठवत नाही," ती म्हणाली.

बाबांचे रोजचे दोन शब्द तिने उसने घेतले होते. कोणालाही शंका आली नाही. तिची तिलाच किळस आली.

मग गोड बोलणारा वकील त्या मुलीकडे वळला. उभ्या गाड्यांच्या इतक्या जवळून का चालल्या होतात? वेग किती होता? कामाला उशीर झाला होता का? "थोडा," ती म्हणाली. तेवढ्या एका शब्दावर त्याचं काम झालं. निकाल आला तो असा. वृद्ध गृहस्थांना दोष देण्याजोगी त्यांची मनःस्थिती नव्हती, त्यांच्या मुलीने काही चुकीचं केल्याचा पुरावा नव्हता, आणि सायकलवरच्या मुलीने पुरेशी काळजी घेतली नव्हती. भरपाई त्या प्रमाणात कापली गेली. एवढ्या जणांत दोषी सापडली ती एकटीच, जिचा हात गेला होता.

बाहेर पॅसेजमध्ये मुलीने थोरलीला गाठलं. थोरलीला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, एक विचारू? आई मला म्हणते, तू नेहमीच घाईत असतेस, तुझंच चुकलं. तुम्ही गाडीत होतात, तुम्ही बघितलं असेल. मी खरंच जोरात होते का?"

"मी बघितलं नाही," थोरली म्हणाली. हे तर खरंच होतं.

"बरं," मुलगी म्हणाली. डाव्या हाताने ती पिशवीची चेन लावू पाहत होती, ती काही लागेना. थोरली पुढे झाली, तिने चेन लावून दिली. मुलगी म्हणाली, "थँक यू, ताई."

त्या संध्याकाळी थोरली बाबांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि तिने सगळं सांगितलं. आरशात बघितलं नाही, खटका मीच वर केला होता, कोर्टात आठवत नाही म्हणाले, आणि दोष त्या मुलीवर गेला. बाबा ऐकता ऐकता उठून बसले. त्यांचा आवाज पूर्वीचा झाला.

"तुला मी हे शिकवलं?"

"नाही, बाबा."

"त्या पोरीला सांगितलंस, तिची चूक नाही म्हणून?"

"नाही."

"मग उद्या सकाळी पहिलं ते काम कर. गाडी नंतर, चहा नंतर. तोवर माझ्याशी बोलू नकोस."

"हो," ती म्हणाली. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी त्यांनी हसून चहा मागितला. थोरली दुकानात गेली. जाताना सलून लागायचं. काचेतून ती मुलगी दिसायची, आता केस कापत नव्हती, दाराशी टेबलावर बसून लोकांची नावं डाव्या हाताने लिहून घ्यायची. थोरलीने रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी ती सांगायची, बाबा संतापायचे, उद्या सकाळी जा म्हणायचे, ती हो म्हणायची. ज्याने तिला दोषी ठरवलं असा जगात एकच माणूस होता, आणि त्याचा निकाल रात्रीपुरता टिकायचा. तिला त्या शिक्षेची सवय झाली. खरं तर आधार झाला. गाडीचा खटका आता खाली ओढलेला होता आणि बाबा त्याबद्दल काही म्हणत नव्हते. दार उघडेपर्यंत ते हाताची घडी घालून बसून राहायचे.

हिवाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी ती पुन्हा खुर्ची ओढून बसली. सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता, आणि खाली मान घालून थांबली.  तिने वर बघितलं. ते तिच्याकडे मोठ्या सहानुभूतीने बघत होते, बसमधून चुकीच्या स्टॉपवर उतरलेल्या प्रवाशाकडे बघावं तसे.

"वाईट झालं हो," ते म्हणाले. "पण हे मला परक्याला सांगून काय उपयोग? तुम्हाला वडील आहेत ना? त्यांना जाऊन सांगा. काय करायचं ते सांगतील तुम्हाला."

"हो," थोरली म्हणाली.

मग तिने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.