माझ्यामागे काही नव्हतं

मी बंपर बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण गॅरेजच्या मागच्या भिंतीला माझ्याशेजारी एक जुना पोलादी बंपर टेकून ठेवलाय आणि त्याच्यासमोर बोलायची मला लाज वाटते. तो गंजलाय, वाकलाय. पण जिथे मार बसला तिथला खड्डा त्याने तसाच ठेवलाय. याला इथे लागलं होतं, हे कोणीही लांबून सांगेल. माझं तसं नाही. मला लागलेलं दिसत नाही, आणि माझी सगळी कर्मकहाणी त्यातच आली.

मला बघून लोकांना वाटतं, काय दणकट गडी आहे! अहो, कसला दणकट? जन्माच्या वेळी मी पोतंभर दाणे होतो, प्लास्टिकचे. बादल्या आणि डबे ज्या कुळातले, त्याच कुळातला मी. थंडीत तडकू नये म्हणून त्यात थोडं रबर घातलं आणि उन्हात लोंबू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड. मग सगळं वितळवून साच्यात दाबलं, वर रंग चढवला, आणि स्वारी तयार.

कारखान्यात एक मुकादम होता. प्रत्येक बंपरवर बोटाचं पेर ठोकून बघायचा, म्हणून त्याचं नाव ठोक्या पडलं होतं. मला ठोकून तो नव्या कामगारांना म्हणाला, "हा नुसता चेहरा आहे बरं का. मार खाणारे मागे असतात."

मला तेव्हा राग आला होता. पण गाडीवर चढताना मागे पाहिलं तर खरंच दोघं बसले होते. एक आडवी लोखंडी तुळई आणि तिच्यापुढे पांढऱ्या फोमचा जाड ठोकळा, एका बाजूने गोलाई दिलेला. त्या फोमला मी मनातल्या मनात दादा म्हणू लागलो. मी वाकलो तरी रबरामुळे परत उठतो. दादाचं तसं नव्हतं. त्याने एकदा स्वतः मोडून धक्का झेलला की त्याचं काम संपलं. हे त्याला माहीत होतं, तरी कधी कुरकुरला नाही.

आमची गाडी एका जोडप्याकडे गेली. नवरा चष्म्याच्या दुकानात फ्रेमा बसवायचा. प्लास्टिकची फ्रेम गरम करायची, गिऱ्हाइकाच्या कानाला बसेल अशी वाकवायची, यात त्याचा हातखंडा होता. बायको घरी केक करून पोचवायची. साखरेची फुलं काढण्यात तिच्या उजव्या हाताला तोड नव्हती. मागच्या सीटवर केकचा खोका ठेवून ती त्याला पट्टा बांधायची आणि अशी हळू चालवायची की सायकलवाले वळून वळून बघायचे.

"तू ब्रेक मारतेस की ब्रेकची विचारपूस करतेस?" नवरा चिडवायचा.

"तुम्ही चालवाल तर केकचा शिरा होईल," ती म्हणायची. दोघं हसायची. मला ते घर फार आवडायचं.

मग एके दिवशी दुकानामागच्या आवारात नवऱ्याने गाडी शिट्टी वाजवत वळवली आणि सरळ सिमेंटच्या बुटक्या खांबावर घातली. मी आत गेलो. मागे दादाचे दोन तुकडे झाले, तुळईचं एक टोक वाकलं. नवरा उतरला, माझा खड्डा बघितला, आणि त्याचा चेहरा पडला. "आता ही मला जन्मभर सोडणार नाही," असं तो स्वतःशीच पुटपुटला. गाडीचं नुकसान त्याच्या डोक्यातही नव्हतं. बायको हसेल, एवढीच त्याला धास्ती होती.

पण गडी फ्रेमा वाकवणारा. प्लास्टिक गरम केलं की ऐकतं, हे त्याला रोजचं. रात्री त्याने गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आणि दुसऱ्याच दिवशी, सुट्टीच्या सकाळी, खालून हाक मारली, "अगं, किटलीभर पाणी उकळून दे ना! बंपरला डांबर लागलंय."

ती बिचारी हातातलं काम टाकून उकळतं पाणी खाली देऊन गेली. त्याने ते माझ्यावर ओतलं, खालून हात घालून जोर लावला, आणि टक्क! मी जागेवर आलो. ओरखडासुद्धा पुसून निघाला.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" त्याने मला थोपटलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. फुशारलो मी. त्या आनंदाची आठवण झाली की आजही अंग चोरून घ्यावंसं वाटतं, कारण तेवढ्यात खालून दादाचा मोठा तुकडा घसरून त्याच्या पायाशी पडला. त्याने तो उचलला, उलटापालटा केला. त्याच्या दुकानात फ्रेमा अशाच पांढऱ्या फोममध्ये येतात. "कंपनीवाल्यांचं पॅकिंग राहिलेलं दिसतंय," तो म्हणाला आणि निश्चिंत झाला.

किटली न्यायला बायको खाली आली. तिने विचारायच्या आत त्याने तुकडा पुढे केला. "दुकानातलं पॅकिंग आहे. तुला फुलांच्या सरावाला होईल."

"अय्या, गोलाईपण आहे याला! अगदी केकच्या कडेसारखी." तिला केवढा आनंद झाला.

अहो, तो दादा आहे, पॅकिंग नाही! मला ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही, आहे तो नुसता चेहरा. आणि चेहरा तर म्हणत होता, सगळं झकास आहे.

त्यानंतर ती रोज त्याच गाडीतून जात राहिली. माझ्यामागे एका बाजूला पोकळी होती आणि मी पुढे चकाकत होतो. सिग्नलला शेजारचा गाडीवाला म्हणायचा, "गाडी काय ठेवलीये हो!" ती मान तुकवून हसायची. मी मात्र आतून कोळपून जायचो. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की वाटायचं, आज नको, ती आत असताना नको.

झालं ते तिच्याकडूनच. पुढचा टेम्पो अचानक थांबला. तिने ब्रेक दाबला, पण थोडक्यात चुकलं. मी आत गेलो, आणि मागे अडवायला कोणी नसल्यामुळे जातच राहिलो. रेडिएटर फुटला. स्टिअरिंगवर तिचं उजवं मनगट आपटलं आणि हाड मोडलं. केकचा खोका मागे पट्ट्यात सुखरूप होता.

दोघं गॅरेजमध्ये आली तेव्हा तिचा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला होता. वाटभर ती एकच गोष्ट म्हणत आली असावी, कारण दारातून येतानाही तेच चाललं होतं. "माझंच चुकलं हो. तुमची एवढी जपलेली गाडी मी एका दिवसात घालवली."

"असू दे गं," नवरा म्हणाला. पण तिच्याकडे बघून नाही.

मिस्त्रीने मला उतरवलं, आत वाकून बघितलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वहिनी, याआधी कुठे ठोकली होती का?"

"नाही हो, कधीच नाही."

"मग तुळईचं हे टोक आधीच कसं वाकलंय? गंजही चढलाय. आणि फोम अर्धाच आहे. उरलेला कुठे गेला? एवढा पांढरा ठोकळा असतो बघा, एका बाजूने गोल." त्याने हाताने गोलाई दाखवली.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो माझ्या ओट्यावर आहे. त्यावर मी गुलाब काढते."

तिने नवऱ्याकडे वळून विचारलं, "दुकानातलं पॅकिंग म्हणालात ना?"

नवऱ्याने माझ्यावर हात टेकला. "खांबाला घातली होती मी. तू हसशील म्हणून बोललो नाही. ते पॅकिंगच आहे असं मला खरंच वाटलं गं."

"आणि डांबर काढायला पाणी मीच उकळून दिलं."

त्याने मिस्त्रीला विचारलं, "फोम असता तर हात वाचला असता का?"

"धक्का कमी बसला असता. हाताचं मी नाही सांगू शकत."

तिने प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून पाहिली. दुखलं असावं, ओठ आवळले. "हसले असते हो मी," ती म्हणाली. "दोन दिवस हसले असते, बस्स."

मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तो उभाच राहिला.

आता त्या गाडीला माझ्याजागी नवा भाऊ लागलाय. तो लावताना नवरा गुडघे टेकून आत डोकावत होता. "फोम पूर्ण आहे ना? दाखवा मला," असं मिस्त्रीला पुन्हा पुन्हा म्हणत होता. बायको त्या दिवशी आली नव्हती. हात बरा झाला की नाही, गुलाब पुन्हा जमतात की नाही, मला कळायला मार्ग नाही.

उद्या भंगारवाला येईल. माझा चुरा होईल, पुन्हा दाणे होतील. जाता जाता तुम्हाला एकच विनवणी. गाडीला कुठे लागलं तर मला बघून समाधान मानू नका. मला उतरवून मागे बघा. आणि घरी सांगून टाका, लोक हसले तर हसू द्या.

आणि दाण्यांचं पुढे काय करायचं हे कोणी विचारलंच, तर माझी बादली करा. बादली फुटली की लगेच गळते, पाणी भरणाऱ्या बाईला तिथल्या तिथे कळतं.