परसातल्या हौदातलं कासव

लग्न होऊन अर्पिता बंगळूरला गेली आणि तिचं कासव वालूरला आईकडंच राहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली जात ती. घाबरलं की मान आत ओढायचं नाही, कडेला मुडपून घ्यायचं. आलं तेव्हा वाटीएवढं होतं, आता परातीएवढं झालं होतं. अनसूयाबाई त्याला परसातल्या सिमेंटच्या हौदात पालक-मेथी घालत.

आठवडाभर त्यानं पाल्याला तोंड लावलं नव्हतं. नुसतं हौदाच्या भिंतीवर नखं खरवडत राहायचं. तो आवाज स्वयंपाकघरात आला की अनसूयाबाई हातातलं काम टाकून परसात जायच्या. लेकीला मात्र त्या फोनवर "मजेत हाय" सांगत.

"खरं सांगून टाक तिला," व्यंकटराव म्हणाले.

"काय सांगू? तुझं कासव मरायलंय म्हणून?"

शेवटी नवराबायकोनं ते टबात घालून, ओलं पोतं टाकून परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ते हालेना. अनसूयाबाई सारखं पोतं उचलून बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. कवचाखाली लांबट पांढरी अंडी दाटीनं बसली होती.

"मादी आहे ही."

"पण जोडीला नर न्हाई की."

"नसला तरी घालतात. त्यातून पिल्लं निघत नाहीत, एवढंच. अंडी घालायला वाळू लागते तिला, आणि हौदात वाळू नाही. म्हणून धरून बसलीय. ओली वाळू द्या, लांब राहा. दोन दिवसांत घातली नाहीत तर परत आणा. आत अंडं फुटलं तर वाचवणं अवघड आहे."

व्यंकटरावांनी न्हाणीमागं वाळूचा ढीग ओतून भोवती विटा रचल्या. कासवी त्यावर चढली, उतरली, कोपऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. अनसूयाबाईंना राहवेना. त्यांनी अर्पिताला फोन लावून सगळं सांगितलं.

"आधी का नाही सांगितलंस, आई?"

"तुला तिकडं कशाला घोर."

अर्पितानं फोन ठेवला नाही. मागच्या दाराच्या फटीतून अनसूयाबाई बघत राहिल्या. दुपार कलली तशी कासवीनं मागच्या पायांनी वाळू उकरायला घेतली.

"उकरायली," त्या हळूच म्हणाल्या.

अंडी पडली. त्यातलं एक चिरलेलं होतं. आत आणखी एखादं फुटलं असेल तर, असं अनसूयाबाईंना वाटलं. सकाळीच त्यांनी परत परभणी गाठली. नवा एक्स-रे डॉक्टरीणबाईंनी उजेडाला धरला, बराच वेळ निरखला.

"पोट मोकळं झालंय," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर कासवीनं मेथीची एक काडी ओढली, अर्धी खाल्ली, अर्धी सोडून दिली.