रहिवासी एक

याकूब अल-बलूशीचं काम ऐकायला सोपं होतं. गाडी चालवायची, ठरल्या जागी थांबायचं, फोनमध्ये दोन वाक्यं बोलायची आणि पुढे निघायचं. पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांच्यासाठी देशभर नवं बिनतारी जाळं उभं राहत होतं. जुन्या वॉकीटॉकीवरून नुसता आवाज जायचा. या नव्या जाळ्यावरून चित्र जायचं, नकाशा यायचा, जखमी माणसाच्या काळजाचे ठोके रस्त्यातूनच डॉक्टरच्या पडद्यावर दिसायचे. फक्त हे सगळं कुठे पोचतं आणि कुठे पोचत नाही, ते कोणीतरी स्वतः जाऊन बघायला हवं होतं. तो कोणीतरी म्हणजे याकूब.

आधी या कामाला दोघं असत. याकूब गाडीत आणि सुरूर मस्कतच्या कचेरीत. याकूब विचारायचा, "ऐकू येतंय का?" आणि सुरूर म्हणायचा, "येतंय बाबा, तुझा ढेकरसुद्धा येतोय." मग जेवलास काय, तिकडे ऊन किती, असं मिनिट-दोन मिनिटं चालायचं. वर्षभरापूर्वी सुरूरच्या जागी यंत्र आलं. आता याकूब बोलला की कुठेच नसलेली एक बाई म्हणायची, "आपला आवाज नोंदवला आहे. धन्यवाद." दिवसाला साठ-सत्तर वेळा म्हणायची. कधी कधी हॉटेलवाला आणि पेट्रोलपंपावरचा माणूस सोडला तर याकूब दिवसभरात जिवंत माणसाशी बोललेलाच नसे. बरका गावात घरी राया होती, त्याची बायको. पण तिलाही त्याच्या नसण्याची इतकी सवय झाली होती की फोन उचलला की ती आधी विचारायची, "का हो, काही काम होतं का?"

ऑक्टोबरात तो देशाच्या उत्तर टोकाला, मुसंदमच्या डोंगरात आला. खसब या बंदराच्या गावाहून कच्चा रस्ता वर चढतो, तो एका खिंडीनंतर नुसत्या दगडांचा होतो. तिथे पुढे सल्ल दिमना नावाची वस्ती. यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, रहिवासी शून्य. पाचांपेक्षा कमी माणसं असली तर मनोरा उभारायचा नाही असा नियम होता, त्यामुळे तिथे जाऊन 'सिग्नल नाही, गरज नाही' एवढंच लिहून परतायचं होतं.

डोंगराच्या वाटीत मातीचा एक सपाट तुकडा, कडेने दगडी घरं, निम्मी जमिनीत गाडलेली. बहुतेकांची छपरं बसलेली. याकूबने गाडी थांबवली, फोन काढला. पडद्यावर एकही रेघ नव्हती. तरी सवयीने म्हणाला, "ऐकू येतंय का?"

"येतंय की!" मागून आवाज आला. "मी काय बहिरा आहे?"

याकूब दचकून वळला. एक म्हातारा उभा होता, अंगाने काटकुळा, हातात लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड. मागे सात-आठ शेळ्या.

"काका, तुम्ही इथे राहता?"

"नाही, समुद्रात राहतो. शेळ्यांना हवा बदलायला वर आणलंय." म्हाताऱ्याने एका शेळीला ढोपराने बाजूला सारलं. "सरक गं सूनबाई. ही माझी थोरली सून. दिवसभर ओरडते आणि कुठे दुखतंय ते सांगत नाही. चल, कॉफी पी. कोण तू?"

म्हाताऱ्याचं नाव हमदून. वय अठ्ठ्याहत्तर, त्याच्या हिशोबाने. त्याच्या घराचं दार इतकं बुटकं की याकूबला जवळजवळ रांगत आत जावं लागलं. आत दोन रांजण होते, दारापेक्षा रुंद.

"हे आत आणले कसे?"

"आणले नाहीत. आधी रांजण ठेवले, मग आजोबांनी भोवती घर बांधलं. मुलगा म्हणतो, बाबा, सामान बांधा. म्हटलं, हे बांध आधी."

मुलगा खसबला होता, सुलैयिम. बंदरावर नोकरीला. तीन वर्षांपूर्वी हमदूनची बायको गेली, आणि गावातलं शेवटचं दुसरं कुटुंब त्याच उन्हाळ्यात खाली उतरलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी सुलैयिम पाणी, पीठ आणि सुकी मासळी घेऊन यायचा आणि प्रत्येक वेळी भांडून जायचा.

"त्याचंही चुकत नाही," हमदून खजूर पुढे करत म्हणाला. "म्हणतो, तुम्ही पडलात तर पंधरा दिवस कोणाला कळायचं नाही. म्हटलं, पडलो तर मलातरी कळेल ना. हसला नाही मेला. शेवटी म्हणाला, इथे फोन लागायला लागला तर राहा, नाहीतर या थंडीत खाली यायचं." मग याकूबच्या हातातल्या फोनकडे बघत विचारलं, "तू त्याचसाठी आलास ना?"

याकूबच्या तोंडात खजूर तसाच राहिला. त्या माणसाला 'तू कागदावर नाहीसच' हे कसं सांगायचं? तो म्हणाला, "बघतो काका, काय करता येतं."

खिंडीपर्यंत मागे जाऊन त्याने कचेरीत फोन लावला. नसरा त्याची वरिष्ठ होती, वयाने बरीच लहान, पण कामाला चोख.

"याकूबभाई, यादीत शून्य आहे."

"मॅडम, मी त्याच्या हातची कॉफी पिऊन आलोय. शून्याला कॉफी करता येत नाही."

"मग एक लिहा. एकानेही काही होत नाही, पाच लागतात."

"शेळ्या धरून नऊ होतात."

ती हसली, पण हसून झाल्यावर म्हणाली, "नियम मी केलेला नाही हो. निदान पायी कुठे सिग्नल मिळतो का बघा. मिळाला तर टीप जोडते मी."

दुसऱ्या दिवशी याकूब पुन्हा वर गेला. खरं तर त्या दिवशी त्याला दुसरी तीन गावं करायची होती. हमदूनने त्याला लांबूनच ओळखलं आणि कॉफी चुलीवर चढवली. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी आपली वाट बघत होतं, हे याकूबच्या लक्षात आलं.

गावामागे जुन्या शेतांच्या पायऱ्या होत्या, आता पडीक. त्यांवरून तो फोन हातात धरून चढत गेला. वर कड्याच्या खांद्याशी, एका सपाट दगडावर उभं राहिल्यावर पडद्यावर दोन रेघा उमटल्या. एक पाऊल इकडे-तिकडे केलं की जायच्या. त्याने दगडावर आपली पाण्याची बाटली खूण म्हणून ठेवली आणि उत्साहाने भरभर उतरू लागला. शेवटून तिसऱ्या पायरीची भिंत पायाखाली ढासळली. तो माणूसभर उंचीवरून खाली आला. डाव्या घोट्यात काहीतरी कट्कन वाजलं.

हमदून कुऱ्हाड टेकत आला. पाय बघितला. पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं.

"मोडला," तो शांतपणे म्हणाला. "गाडी मला येत नाही. शेळ्यांना येत नाही."

याकूबला घाम फुटला होता. त्याने फोन पुढे केला. "काका, वर बाटली ठेवलीय. त्या दगडावर उभं राहायचं, हलायचं नाही. हे लाल बटण दाबून धरायचं, की मस्कतच्या नियंत्रण कक्षात लागतं, आणि बोलायचं. सोडलं की ऐकायचं. पण... तुम्हाला चढवेल?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून चढतोय," म्हणत हमदून निघालासुद्धा.

याकूब पडल्या पडल्या त्याला बघत राहिला. म्हातारा एकेक पायरी चढत होता, मध्येच थांबून श्वास घेत होता. एकदा त्याचा हात भिंतीवरून निसटला तेव्हा याकूबने डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळाने वरून आवाज आला. हमदून लाल बटणावर विश्वास न ठेवता खसबपर्यंत ऐकू जाईल असं ओरडत होता.

"हो! हो! ...नाही बाई, मी पोलीस नाही. मी हमदून! ...पडला तो आहे, मी नाही! मी पडलो असतो तर वर कसा आलो असतो? ...काय? कॅमेरा? कुठल्या बाजूला?"

म्हातारा फोन उलटसुलट करून बघत होता. मग पुन्हा.

"ते माझं नाक आहे. थांब. ...आता दिसतोय? तो खाली, पांढरा. हो, जिवंत आहे, हात हलवतोय. याकूब, हात हलव रे!"

याकूबने हात हलवला. दुखत होतं तरी त्याला हसू फुटलं. चारशे किलोमीटरवर कोणीतरी पडद्यावर त्याला बघत होतं. सात वर्षं तो हे जाळं तपासत होता, त्यातून मदत मागायची वेळ पहिल्यांदा आली होती. आणि मागणारा होता कोण, तर यादीत नसलेला माणूस.

हेलिकॉप्टर येईपर्यंत तासभर गेला. हमदून खाली येऊन त्याच्या डोक्याशी बसला, स्वतःच्या फेट्याने त्याच्यावर सावली धरून.

"बाई चांगली होती," तो म्हणाला. "म्हणाली, फोन ठेवू नका, मी आहे. किती बोलावंसं वाटलं तिच्याशी. पण तिला दुसरीही कामं असतील."

"तुम्हाला इथे करमतं, काका?"

हमदूनने फेटा सूर्याच्या बाजूला सरकवला. "नाही," तो म्हणाला. "पण तिथे खाली तर मुळीच करमत नाही. तिथे सगळे बोलतात आणि मी कुठे बसायचं ते कोणालाच ठाऊक नसतं. इथे निदान माझी जागा मला ठाऊक आहे."

हॉटेलातल्या खोल्या याकूबच्या डोळ्यांपुढून गेल्या. बरकाचं घरही गेलं.

हेलिकॉप्टर मातीच्या सपाटीवर उतरलं तेव्हा धुळीचा लोट उठला आणि शेळ्या चौखूर उधळल्या. हमदून निरोप घ्यायलाही थांबला नाही. याकूबला स्ट्रेचरवरून शेवटचं दिसलं ते एवढंच, की एक म्हातारा सूनबाई शेळीच्या नावाने शिव्या देत कड्याकडे पळतोय.

खसबच्या इस्पितळात संध्याकाळी सुलैयिम आला. मोठा, थकलेला माणूस. त्याने फळांची पिशवी ठेवली, विचारपूस केली, आणि मग न राहवून म्हणाला, "भाऊ, ते वर कड्यापर्यंत चढले? त्या मोडक्या पायऱ्यांवरून?"

"त्यांनी माझा जीव वाचवला."

"ते खरंच आहे. पण मी ते चित्र बघितलं. नियंत्रण कक्षातल्या ओळखीच्या एकाने दाखवलं. त्यांचा हात थरथरत होता हो. फोन हलतोय असं सगळ्यांना वाटलं. मला कळलं हात हलतोय."

"मी मनोऱ्यासाठी लिहितोय," याकूब म्हणाला. "लागला की ते घरातूनच बोलू शकतील."

"लागेल तेव्हा बघू," सुलैयिम म्हणाला.

याकूब दोन महिने बरकात प्लास्टर घालून पडून होता. राया त्याचं सगळं करायची, पण खोलीत आली की काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही. ती उशी सारखी करून जायची. तो मनातल्या मनात अर्जाची वाक्यं जुळवायचा. त्याने पाच पानी अहवाल लिहिला. एका वाक्यात लिहिलं की शून्य रहिवाशांच्या ठिकाणी अपघात झाला आणि एका रहिवाशाने मदत बोलावली, तेव्हा दोन्ही आकडे एकदम खरे असू शकत नाहीत. ते वाक्य त्याला आवडलं होतं.

जानेवारीत नसराचा फोन आला. "याकूबभाई, अभिनंदन! मंजूर झाला. सौर पट्ट्यांवर चालणारा छोटा मनोरा. माणसं मोजून नव्हे, घटना मोजून. तुमचा पाय कामी आला बघा."

फेब्रुवारीच्या शेवटी तो लंगडत पुन्हा गाडीत बसला. येताना खसबच्या बाजारातून हमदूनसाठी कॉफी घेतली, चांगली, वेलदोडा घातलेली. खिंड ओलांडताच फोनवर रेघा उभ्या राहिल्या. चार, मग पाच. कड्यावर मनोरा दिसत होता. त्याने मोठ्याने हॉर्न वाजवला.

कोणी आलं नाही. घराच्या बुटक्या दाराला लाकडी कुलूप होतं. चूल गार होती, कधीपासूनची. शेळ्या नव्हत्या. पाण्याच्या टाक्यावर दगड ठेवला होता, नीट, माणूस जाताना ठेवतो तसा. याकूब गावभर फिरला, हाका मारल्या. मग गाडीपाशी येऊन त्याने सुलैयिमला फोन लावला.

"त्याच आठवड्यात आणलं त्यांना," सुलैयिम म्हणाला. "तुम्ही इस्पितळातून गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ते चित्र बघितल्यावर मला झोप लागेना, भाऊ. भांडले नाहीत. मला वाटलं होतं भांडतील."

"शेळ्या?"

"विकल्या. एक ठेवलीय, गच्चीवर. बोलता का त्यांच्याशी? तुम्ही आहात कुठे?"

"त्यांच्या दारात."

थोडी खुडबुड झाली. मग पडद्यावर हमदूनचा चेहरा आला. स्वच्छ, दाढी कातरलेली, मागे टीव्ही चालू.

"याकूब? पाय कसा आहे?"

"चालतोय काका. बघा, कुठून बोलतोय." आणि त्याने फोन वळवला. उत्साहात त्याच्या ध्यानातच आलं नाही आपण काय करतोय. घर दाखवलं, टाकं दाखवलं, पायऱ्या, मातीची सपाटी, तिच्यावर पावसानंतर उगवलेलं हिरवं गवत. चित्र लख्ख जात होतं, कुठे अडकत नव्हतं.

हमदून म्हणाला, "डावीकडे ने. अजून. ते बोरीचं झाड." याकूब चालत गेला. झाडाखाली उभे दगड होते, हमदूनच्या बायकोच्या कबरीचे. "तिथे थांब," हमदून म्हणाला. "हलवू नकोस."

याकूब हात स्थिर धरून उभा राहिला. दंड दुखायला लागला तरी उभा राहिला. शेवटी पडद्यावर सुलैयिम आला. मागून टीव्हीचा आवाज येत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "ते उठून आतल्या खोलीत गेले. राग मानू नका भाऊ, पण पुन्हा असं दाखवू नका त्यांना. दोन दिवस जेवणार नाहीत आता."

"चुकलं माझं," याकूब म्हणाला. "येऊन भेटू का त्यांना?"

"या ना. अवश्य या. शुक्रवारी या, जेवायलाच. आवडेल त्यांना. इथे कोणाशी बोलतच नाहीत."

फोन बंद झाला. याकूबने गाडीतून भाकर आणि खजूर काढले आणि बोरीच्या सावलीत बसून खाल्ले. कॉफीचं पाकीट मागच्या सीटवर तसंच ठेवलं, शुक्रवारपर्यंत. मग राहिलेलं काम केलं. यंत्रातल्या बाईशी गावाच्या चार कोपऱ्यांतून बोलला, आणि चारही वेळा तिने स्वच्छ ऐकलं. पाचव्यांदा त्याने रायाचा नंबर लावला.

"का हो, काही काम होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "जेवलीस का, विचारायला केला."

पलीकडे कढईचा आवाज येत होता. "अजून नाही," ती म्हणाली. "मासे तळतेय." आणि मग, तो फोन ठेवत नाही असं बघून, कुठले मासे, कसे मिळाले, कोळ्याने कसं फसवायला बघितलं, ते सांगू लागली. याकूब गाडीला टेकून ऐकत राहिला. यादीतलं पुढचं गाव दोन तासांवर होतं.